शेजाऱ्याचा प्रश्न

मी ज्या कीबोर्डवर लिहितो, त्यावरचं एक अक्षर पुसलं गेलं आहे. बाकीची फिकी झालीत, पण ओळखू येतात. इंग्रजी 'ई'ची कळ मात्र साफ कोरी, गुळगुळीत झाली आहे. इंग्रजी मजकुरात हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येतं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण मी इंग्रजी फार थोडं टाइप करतो. माझं जवळजवळ सगळं लिखाण मराठी, तेही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-रचनेत. आणि इनस्क्रिप्टमध्ये नेमका त्याच कळीवर काना आहे. इतक्या वर्षांत जेवढे 'होता', 'झाला', 'म्हणाला' लिहिले, त्या प्रत्येकाने त्या कळीवरची शाई कणभर खरवडून नेली. मराठीने आणि इंग्रजीने एकमेकींना न विचारता एकच कळ झिजवली.

एवढ्याशा गोष्टीपाशी थांबायला मला हेन्री पेट्रोस्की या लेखकाने शिकवलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ते स्थापत्य अभियांत्रिकी आणि इतिहास या दोन्ही विषयांचे प्राध्यापक होते. २०२३ साली ते गेले. त्यांचं 'टू इंजिनिअर इज ह्यूमन' हे पुस्तक १९८५ सालचं. त्यात त्यांच्या लहान मुलाच्या एका खेळण्याची हकीकत आहे. कळ दाबली की अक्षर बोलून दाखवणारं खेळणं. मुलाने ते इतकं वापरलं की एक दिवस एक कळ मोडली, आणि ती होती 'ई'ची. अशा वेळी आपण खेळणं टाकून देतो किंवा बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. पेट्रोस्की विचारतात, हीच कळ का? मग कळतं की दर दाबाला कळीचं प्लास्टिक जरासं वाकतं. वाकून वाकून त्यात न दिसणारी चीर पडते, चीर वाढत जाते. जे अक्षर जास्त वापरलं जातं ते आधी मोडणार. घरातल्या फरशीवर पडलेलं खेळणं एका क्षणात भाषेचं आणि पदार्थविज्ञानाचं कोष्टक होऊन जातं.

तिथून ते कागदाला लावायच्या क्लिपेकडे वळतात. वर्गात ते विद्यार्थ्यांना क्लिपा वाटत, सरळ करून मागेपुढे वाकवायला सांगत आणि कितव्या वाकवणीला ती तुटली ते मोजायला लावत. कुणाची लवकर तुटे, कुणाची बरीच टिके. खोका एकच, तार एकच, तरी आकडे वेगवेगळे. अभियंते याला फटीग म्हणतात. धातू थकतो, आणि नेमका कधी थकेल हे एकेका नगाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही. हे एवढं बोटांना समजलं की मग ते कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाची गोष्ट सांगतात. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोन कॉमेट विमानं हवेत फुटली. कारण शोधायला ब्रिटिश तंत्रज्ञांनी एका विमानाचा अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवला आणि आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला, कमी केला, जणू ते विमान टाकीतच उड्डाणांमागून उड्डाणं करत होतं. शेवटी एका खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. मी हे वाचलं तेव्हा क्लिपेचे दोन तुकडे माझ्या हातात होते. तुटलेल्या टोकांना बोट लावलं, तर ती कोमट लागली.

पेट्रोस्कींबद्दल बोलताना लोक म्हणतात, 'अवघड तंत्रज्ञान सोपं करून सांगणारा लेखक.' मला हे कौतुक अपुरं वाटतं. सोपं करून सांगणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले बरेच जण शेवटी आपल्याला थक्क करून सोडतात. थक्क झालेला माणूस टाळ्या वाजवतो, प्रश्न विचारत नाही. पेट्रोस्की वाचून उठलेला माणूस प्रश्न विचारतो. माझ्या मते अशा लेखनाची गरज वाङ्मयीन आवडीपुरती नाही, ती सार्वजनिक आहे. जो समाज यंत्रांवर जगतो त्याला यंत्रं का मोडतात हे साध्या भाषेत कळलं पाहिजे, आणि ते सांगणं ही यंत्रं बनवणाऱ्यांची जबाबदारी धरली पाहिजे. मेहेरबानी म्हणून नव्हे.

त्या पुस्तकाची सुरुवातच अशा प्रश्नाने होते. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू असताना वर टांगलेले दोन पादचारी मार्ग कोसळले. ११४ माणसं मेली. त्यानंतर लवकरच पेट्रोस्कींना त्यांच्या एका शेजाऱ्याने विचारलं की हे झालंच कसं? एवढा साधा मार्ग उभारण्याइतकंही ज्ञान अभियंत्यांपाशी नाही का?

या प्रश्नात राग आहे, आणि तो रास्त आहे. त्यावर तज्ज्ञाला दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे 'ते फार तांत्रिक आहे' म्हणून विषय मिटवणं, दुसरी म्हणजे कुणा एकाला नालायक ठरवून मोकळं होणं. पेट्रोस्कींनी दोन्ही टाळल्या आणि शेजाऱ्याला पुस्तकभर उत्तर दिलं.

ती दुर्घटना समजायला गणित लागत नाही. दोन मार्ग एकाखाली एक टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई निघून वरच्या मार्गाच्या तुळईतून आरपार खालच्या मार्गापर्यंत जाणार होती. दोरीला दोन माणसं लटकली आहेत असं समजा. एक वर, एक खाली, आणि दोघांनी दोरी आपापल्या हातांनी धरली आहे. बांधकामाच्या सोयीसाठी एका लांब सळईऐवजी दोन आखूड सळया वापरायचं ठरलं. एक छतापासून वरच्या मार्गापर्यंत, दुसरी वरच्या मार्गापासून खालच्या मार्गापर्यंत. म्हणजे आता खालच्या माणसाने दोरी सोडली आणि वरच्याचे पाय धरले. दोरीवरचं ओझं तेवढंच राहिलं, वरच्या माणसाच्या मुठीवरचं मात्र दुप्पट झालं. हॉटेलात ती मूठ म्हणजे तुळईखालचा एक नट होता. पुढे चौकशीत असंही दिसलं की मूळ आराखडासुद्धा नियमात सांगितलेली ताकद पुरती गाठत नव्हता. जो बदल झाला, तो नव्याने गणित मांडून कुणीच तपासला नाही.

हे वाचायला दोन मिनिटं लागतात. पण ती दोन मिनिटं ज्याने दिली, तो माणूस पुढे कुठल्याही इमारतीत वर टांगलेलं काही दिसलं की मान वर करून बघतो, ते कशाला धरून आहे ते शोधतो. मी सार्वजनिक गरज म्हणतो ती ही. ताकदीचा हिशेब करायला अभियंता लागतो, 'बदल झाला तेव्हा हिशेब पुन्हा केला का?' हे विचारायला लागत नाही.

तज्ज्ञांच्या बाजूने यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, साधेपणाच्या नादात चुकीचं चित्र उभं राहतं. दोरीला लटकलेली माणसं म्हणजे पोलादी तुळई नव्हे, अर्धवट कळलेला माणूस न कळलेल्यापेक्षा जास्त गोंधळ घालतो, आणि प्रत्येक अपयश चव्हाट्यावर मांडलं तर लोकांचा विश्वासच उडेल. यातल्या शेवटच्या मुद्द्याला विमान वाहतुकीने कधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या तपासाचा एकमेव उद्देश सांगितला आहे. पुढचे अपघात टाळणं. कुणाला दोषी ठरवणं हा त्या तपासाचा उद्देश नाही. या तपासांचे अंतिम अहवाल सर्वसाधारणपणे जाहीर होतात आणि कुणीही ते वाचू शकतो. त्यांमुळे लोकांनी विमानात बसणं सोडलं नाही. उलट विमानप्रवासावरचा आजचा विश्वास ज्या गोष्टींवर उभा आहे, त्यांत हे अहवाल मोडतात. साधेपणाच्या धोक्याला उत्तर एकच, ते म्हणजे चांगलं लिहिणं. वाईट लिखाण दिशाभूल करतं म्हणून लिहिणंच थांबवायचं, असं दुसऱ्या कुठल्याही विषयात आपण म्हणत नाही.

पेट्रोस्कींचा दुसरा मोठा विचार १९९२ सालच्या 'द इव्होल्यूशन ऑफ यूसफुल थिंग्ज' मध्ये आहे. वास्तुविशारद लुई सलिव्हन यांचं वचन प्रसिद्ध आहे की वस्तूचं रूप तिच्या कामामागून येतं. पेट्रोस्की म्हणतात, रूप येतं ते अपयशामागून. वस्तू बदलते ती आधीच्या वस्तूत काहीतरी खुपतं म्हणून. पत्र्याच्या डब्याचं त्यांचं उदाहरण मला फार आवडतं. अन्न डब्यात बंद करण्याचं पेटंट ब्रिटनमध्ये पीटर ड्युरँड यांना १८१० साली मिळालं. डबा उघडायचं खास हत्यार यायला त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक लागलं. तोवर लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत. पुढे पेयांच्या डब्यांना ओढून काढायची कडी आली आणि हत्याराची गरज संपली, पण त्या कड्या जागोजागी पडू लागल्या, अनवाणी पायांत घुसू लागल्या. म्हणून मग डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली. प्रत्येक उत्तरात पुढची तक्रार दडलेली होती. खुपतंय असं बोलून दाखवणारा माणूस म्हणजे कटकट करणारा, असं आपल्याला वाटत असतं. या पुस्तकात तो शोधाच्या साखळीतली पहिली कडी ठरतो.

इथवर आलो की आजच्या काळाचा प्रश्न टाळता येत नाही. क्लिप हातात धरता येते. सळई डोळ्यांना दिसते. पण आपलं आयुष्य आता ज्यांच्या आधाराने चालतं ती बरीचशी यंत्रं दिसत नाहीत. ती मोडतात तेव्हा तुकडे पडत नाहीत, पडद्यावर एक ओळ येते.

पेट्रोस्कींना याची चाहूल १९८५ मध्येच लागली होती. 'टू इंजिनिअर इज ह्यूमन'मध्येच स्लाइड रूलकडून संगणकाकडे झालेल्या प्रवासावर एक प्रकरण आहे. ज्यांनी स्लाइड रूल वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही सरकत्या पट्टीची मोजपट्टी. तिच्यावर गुणाकार-भागाकार होत, पण उत्तराचे जेमतेम तीन आकडे वाचता येत आणि दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते पट्टी सांगत नसे. उत्तर अडीच, पंचवीस की अडीचशे, हे अभियंत्याला आधी मनाशी अजमावावं लागे. म्हणजे प्रत्येक गणितात एकदा तरी 'हे उत्तर शक्य आहे का?' असं स्वतःला विचारणं भागच होतं. १९७२ साली खिशात मावणारं शास्त्रीय गणनयंत्र आलं आणि थोड्याच वर्षांत स्लाइड रूल कपाटात गेला. आता उत्तर आठ-दहा आकड्यांचं येतं, चिन्ह जागच्या जागी असतं. अचूकता वाढली, पण अंदाज घेण्याची ती सक्तीची सवय सुटली. पेट्रोस्की यंत्राचे विरोधक मुळीच नव्हते. त्यांची चिंता एवढीच होती की आकडे जितके जास्त, तितकं उत्तर खरं वाटू लागतं.

त्याच सुमारास घडत असलेली एक गोष्ट या चिंतेच्या पुढची आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारं थेरॅक-२५ नावाचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिल्याचं नोंदलेलं आहे. १९८६ साली टेक्ससमधल्या एका घटनेत यंत्र चालवणाऱ्या बाईंना 'ई' टाइप करायचं होतं, इलेक्ट्रॉनसाठी. सवयीने 'एक्स' दाबलं गेलं, म्हणजे क्ष-किरण. चूक लगेच लक्षात आली, त्यांनी वर जाऊन अक्षर दुरुस्त केलं आणि पुढे गेल्या. हात सराईत होता, सगळं काही सेकंदांत झालं. पण यंत्राला आपले चुंबक जागेवर आणायला आठेक सेकंद लागत आणि तेवढ्यात झालेली दुरुस्ती प्रोग्रामच्या लक्षातच येत नसे. पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. या आकड्याचा अर्थ कळावा असं त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. असे संदेश रोजचेच होते, म्हणून त्यांनी पुढे चालू ठेवायची कळ दाबली. त्या रुग्णाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला.

मी ही हकीकत वाचतो तेव्हा दर वेळी त्या बाईंपाशी अडतो. त्या जितक्या सराईत झाल्या तितका धोका वाढला. नवख्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण तो हळू टाइप करतो. आणि यंत्राने त्यांना काय सांगितलं, तर एक आकडा. आधीच्या यंत्रात चुकीचा मारा रोखायला स्वतंत्र यांत्रिक अटकाव होते. नव्या यंत्रात ते काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली गेली. जुना प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला म्हणून तो भरवशाचा मानला गेला, पण त्याच्या चुका जुने अटकाव झाकत होते, हे कुणी पाहिलं नव्हतं. यश अपयशाला झाकून ठेवतं, हा पेट्रोस्कींनी पुलांच्या इतिहासातून पुन्हा पुन्हा काढलेला निष्कर्ष इथे शब्दशः लागू पडतो. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली ते सविस्तर लिहून काढलं म्हणून. त्यांनी शेजाऱ्याला उत्तर दिलं. किती बिघाडांना असे लिहिणारे मिळतच नाहीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे जिथे प्रोग्राम माणसाबद्दल निर्णय करतो, अर्ज नाकारतो, खातं गोठवतो, उपचाराची मात्रा ठरवतो, तिथे तो चुकला तर काय झालं हे वाक्यांत सांगितलं गेलं पाहिजे. आकड्यात नाही आणि 'तांत्रिक अडचण' या दोन शब्दांत तर नाहीच. हे शब्द ऐकून माणूस गप्प बसतो आणि बरेचदा आपलंच काहीतरी चुकलं असेल असं धरून चालतो. व्यापारी गुपित उघडं पडेल ही सबब इथे चालू नये. सळयांची गोष्ट सांगताना कुणाचं गुपित उघडं पडत नाही. अपयशाचं कारण सांगणं आणि यंत्र बनवण्याची कृती सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पेट्रोस्कींशी माझं एका ठिकाणी पटत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हे कौतुक प्रामाणिक होणार नाही. अपयशातून शिकत शिकत अभियांत्रिकी पुढे जाते, हे त्यांचं सूत्र खरं आहे, पण त्यात एक प्रश्न मागे राहतो. शिकतं कोण आणि फी कोण भरतं? कॅन्सस सिटीत शिकले अभियंते, मेले नाचायला आलेले लोक. हा प्रश्न थेट विचारणाऱ्या लेखिका म्हणजे उर्सुला फ्रँकलिन, टोरांटोतल्या धातुशास्त्रज्ञ. १९८९ साली त्यांनी दिलेल्या व्याख्यानांत एखाद्या सार्वजनिक प्रकल्पाला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे. त्याने न्याय वाढतो का? त्याचा रोख फायदा वाढवण्यावर आहे की संकट कमी करण्यावर? त्यातून मागे फिरता येतं का? पेट्रोस्कींची क्लिप आणि फ्रँकलिन यांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचली तर दोन्हींचं मोल वाढतं.

साहित्याच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. ललित निबंधात पाऊस येतो, आठवणी येतात, माणसं येतात. बिजागरी येत नाही, नट येत नाही. ज्या वस्तू आपण दिवसभर हाताळतो त्याच लिखाणातून गायब असतात. पेट्रोस्कींचं १९९० सालचं 'द पेन्सिल' हे पुस्तक याच मुद्द्यावर उघडतं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी मेन राज्यातल्या जंगलात बारा दिवस राहायला काय काय लागेल याची बारकाईने यादी केली, पण तिच्यात पेन्सिल नाही. थोरोंच्या घरचा धंदाच पेन्सिली बनवण्याचा होता, त्यांनी स्वतः त्या सुधारल्या होत्या, आणि टिपणं करायला पेन्सिल त्यांच्याजवळ असणारच. जी वस्तू सदैव हाताशी असते ती डोळ्यांना दिसेनाशी होते. अशा वस्तूवर लिहिणं, आणि तीनशेहून जास्त पानं लिहिणं, हे काहींना अतिच वाटतं. पेट्रोस्की कधी कधी लांबण लावतात, तीच उदाहरणं पुन्हा देतात, हे खरं आहे. पण त्यांच्या लांबणीतही लक्ष कधी ढळत नाही, आणि मी तेवढ्यावर त्यांना शंभर पानं जास्तीची द्यायला तयार आहे.

आणि अभियंत्यांच्या बाजूने? त्यांना लिहायला शिकवलं जातं ते अहवालापुरतं, आणि अहवालाची भाषा कर्ता गिळून टाकते. माझ्या ओळखीचा एक तरुण अभियंता मध्यंतरी एका छोट्या बिघाडाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आला होता. कुणाला इजा झाली नव्हती, एक आधाराची पट्टी वाकली होती, इतकंच. त्याने लिहिलं होतं, 'भारवितरणातील अनपेक्षित विचलनामुळे संबंधित घटकाचे कार्यात्मक अपयश उद्भवले. तत्पूर्वी घटकाच्या जाडीत योग्य तो बदल करण्यात आला होता.' मी त्याला म्हटलं, हे तुझ्या शेजाऱ्याला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतंस? तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, 'पट्टी वाकली, कारण दोन पट्ट्यांचं ओझं एकीवर आलं. आराखड्यात ती जाड होती. नंतर ती पातळ केली...'

इथे त्याचं पेन थांबलं. 'करण्यात आला' म्हणताना जे नाव लागत नव्हतं, ते आता लागत होतं आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. कागद तसाच ठेवून त्याने फोन उचलला आणि साइटवर विचारलं, 'पट्टी पातळ करायचं कुणी ठरवलं?'